हृदयाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हृदयावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण वडिलांच्या इको अहवालातील ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ मला नफ्याच्या टक्केवारीसारखेच दिसले: डाव्या जवनिकेत 120 मिलिलिटर रक्त भरले, 70 बाहेर गेले, म्हणजे सुमारे 58 टक्के.

आमच्या कलबुर्गीकडे गिरणीत तूर कमी आली की डाळ कमी निघते. गिरणीला कोणी दोष देत नाही. हृदय मात्र याहून नवलाचे. जास्त भरले की स्नायू ताणतो आणि आपसूकच जोराने आकुंचन पावतो. फ्रँकने 1895 मध्ये बेडकाच्या, स्टार्लिंगने 1914 मध्ये कुत्र्याच्या हृदयावर हे दाखवले. म्हणजे भरणदाब वाढला की ठोक्यागणिक रक्तही वाढते, दाब चढण्याचा वेगही; स्नायूची मूळ ताकद तेवढीच! उलट जुलाबाने अंगातले पाणी आटले, तर निरोगी हृदयही कमी रक्त फेकते.

मग ताकद मोजायची कशी? सुगा आणि सागावा यांनी 1973 मध्ये भरण मुद्दाम बदलत प्रत्येक आकुंचनाच्या शेवटचा दाब व आकारमान आलेखावर मांडले. बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. रेषेचा चढ म्हणजे ताकद. पण त्यासाठी हृदयात नळी घालावी लागते, म्हणून दवाखान्यात टक्केवारीच चालते. तिच्या जोडीला जाणते डॉक्टर मानेची फुगलेली शीरही पाहतात.