संपादकाकडे जाण्याआधी कादंबरी

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला की तो महिनाभर कपाटात ठेवावा. मनात होते ते आणि कागदावर उतरले ते, यांतला फरक लिहून उठलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

नंतरचे पहिले वाचन कथानकासाठी. पुढे काढूनच टाकायच्या प्रकरणातल्या वेलांट्या सुधारण्यात काय हशील? प्रत्येक प्रकरणापुढे दोन ओळींचे टिपण करावे: कोण, केव्हा आणि शेवटी काय बदलले. ‘काय बदलले’ हा रकाना कोरा राहिला, तर ते प्रकरण बहुधा गाळता येते. विसंगतीही याच टिपणात सापडतात. आषाढात वारलेली आजी दिवाळीत चकल्या तळत बसलेली असते. दहावीतला मुलगा त्याच वर्षी मतदान करून येतो. अशा चुका लेखकाने स्वतःच वेचलेल्या बऱ्या, कारण संपादकाचे मानधन पुष्कळदा पानांवर किंवा शब्दांवर ठरते.

मग भाषा. मराठीतला नेहमीचा घोळ म्हणजे निवेदनात एका पानावर ‘केले’, दुसऱ्यावर ‘केलं’. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत (१४ नियम १९६२ चे, ४ पुढे १९७२ चे) पात्रांच्या तोंडी उच्चारानुसारी रूपांना मुभा आहे. पुष्कळ कादंबरीकार निवेदनही बोलभाषेत करतात, तेही चालते. धरसोड तेवढी चालत नाही. बोलीतले संवाद असतील तर शब्दांची यादी सोबत द्यावी. मालवणी पात्र ‘खंय’ म्हणते की ‘खय’, हे लेखकाने ठरवलेले नसेल तर संपादक कशाच्या आधारे ठरवणार? संवाद मोठ्याने वाचून पाहिले की पुस्तकी वाक्ये आपोआप अडखळतात.

वाचायला देताना घरच्यांपेक्षा दोन परके वाचक निवडावेत. ‘आवडली का?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘कंटाळा कुठे आला?’ असे विचारावे.

शेवटी फाइल. मजकूर युनिकोडमध्ये, सगळी प्रकरणे एकाच फाइलीत, पानांना क्रमांक. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, तेव्हा ती नजरेखालून घालावीत. सोबत पानभर कथासार, शेवटासकट. संपादकापासून रहस्य लपवायचे नसते.

फाइल गेल्यावर घरच्या प्रतीला हात लावू नये. नाहीतर दोन कादंबऱ्या तयार होतात आणि खरी कोणती, हे लेखकालाही सांगता येत नाही.