बोरूची चाल, संगणकाची आज्ञा

तहसीलचा दाखला असो की शाळेचं परिपत्रक, विंडोजवर टंकलेलं मराठी आपण वर्षानुवर्षं ‘मंगल’ फॉन्टात वाचत आलो आहोत. तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) मूळचे सुलेखनकार आणि कवी. उल्का जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, अक्षरांच्या मांडणीतूनच कविता उभी करणारे प्रयोगशील कवी आणि १९८३ ते १९९६ पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक. माझ्या मते त्यांच्या कामाइतका संगणककलेचा चांगला मराठी धडा दुसरा नाही.

जुहूच्या एनसीएसटी या संशोधनसंस्थेत ‘विन्यास’ ही अक्षररचनेची प्रणाली तयार झाली, तीत जोशींचा वाटा होता. सुलेखनाच्या अंगाने जाणाऱ्या अशा पद्धतीत लेखणीची वाट आणि टोकाचा आकार-कोन दिला, की जाड-बारीक रेघेची कड गणिताने निघते. बोरू चालवणाऱ्याचं मनगट जे करतं, तेच इथे आकड्यांत सांगायचं. हातात बोरू न धरलेल्याला हे आकडे सुचणार कसे?

मंगल विंडोज २०००बरोबर आला. त्यामागची करामत ‘जिल्हा’ या शब्दात पाहा. संगणक सहा खुणा साठवतो: ज, वेलांटी, ल, हलन्त, ह, काना. साठवताना वेलांटी ‘ज’नंतर येते, पडद्यावर मात्र त्याच्या आधी उभी राहते, हलन्त दिसत नाही, ‘ल’ अर्धा होऊन ‘ह’ला चिकटतो. ‘जाफ्राबाद’मधला ‘र’ तर ‘फ’च्या अंगावर तिरकी रेघ होऊन बसतो. हे सगळे नियम कुणीतरी एकेक करून लिहिलेले आहेत आणि ज्याला नियम कळले त्याला ते मुद्दाम वाकवताही येतात. प्रयोगशील कला तिथून सुरू होते, तयार फिल्टर लावण्यातून नव्हे.

आज जालन्यासारख्या शहरातल्या मुलामुलींना असे प्रयोग करायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये कलावंतांसाठी सुरू केलेली ‘प्रोसेसिंग’ ही आज्ञाभाषा फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालते. फक्त आधी अक्षर हाताने कागदावर लिहावं.

मग ‘जालना’ हाच शब्द घ्या. त्यात पाच उभे दंड आहेत. बोरूच्या टोकाची कड आडव्या रेघेशी ४५ अंशांत धरली, तर दंड आणि शिरोरेघ सारख्याच जाडीचे येतात. कोन कमी केला की दंड भरतो, शिरोरेघ बारीक होते. आता हेच प्रोसेसिंगमध्ये करताना पहिल्या दंडाला १० अंश, पाचव्याला ८० आणि मधल्यांना क्रमाने वाढते कोन द्या. दंड डावीकडून उजवीकडे झिजत जातात आणि त्याच कोनांनी काढलेली शिरोरेघ त्याच दिशेने जाड होत जाते.