पृष्ठभाग जवळ आला की

सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. गुंजभर असो वा किलोची वीट, आकडा तोच. म्हणून द्रवणांक हा पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म, असं आपण शाळेपासून धरून चालतो. १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे फिलिप ब्यूफा आणि झाँ-पिएर बोरेल यांनी अवघ्या काही नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण तापवत नेले आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्यांची रचना तपासत राहिले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्यांतले सर्वांत लहान कण नेहमीच्या द्रवणांकाच्या काही शे अंश खालीच वितळले.

याचं कारण शेजाऱ्यांच्या संख्येत सापडतं. सोन्याच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला साधारण आठ-नऊच. एका बाजूने त्याला धरून ठेवणारं कोणी नसतं, त्यामुळे तो लवकर सुटतो. एक मिलिमीटरच्या मण्यात असे अणू दहा लाखांत दोनसुद्धा भरत नाहीत, म्हणून त्यांचा प्रभाव जाणवत नाही. तीन नॅनोमीटरच्या कणात मात्र जवळजवळ निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात. व्यास निम्मा केला की द्रवणांकातली घट ढोबळमानाने दुप्पट होते.

एवढ्यावरून लहान आकाराचं सोनं सगळ्याच बाबतीत दुबळं असेल असं वाटेल. पण त्याला दाबून पाहिलं की उलटंच घडतं.

धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. थरांच्या रचनेत एखादी अर्धवट ओळ असते, आणि तो दोष स्फटिकातून पुढे सरकत जातो. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिच्यात सुरकुती पाडून ती पुढे ढकलली, तर सतरंजी कमी जोर लावूनही सरकते, तसंच हे. या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. साध्या धातूत दाब वाढला की डिसलोकेशनं एकमेकांत अडकून नवी जन्माला घालतात, म्हणून दोषांचा पुरवठा कधी आटत नाही.

स्टॅनफर्डमध्ये जुलिया ग्रीअर आणि विल्यम निक्स यांनी सोन्याचे सूक्ष्म खांब तयार करून वरून दाबले. २००६ साली त्यांनी नोंदवलं, की सुमारे ३०० नॅनोमीटर व्यासाचा खांब ८०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो. नेहमीच्या मऊ सोन्यापेक्षा हे कित्येक पटींनी जास्त आहे. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला फार देखणं वाटतं. एवढ्याशा खांबात डिसलोकेशन नवी पिल्लं घालण्याआधीच पृष्ठभाग गाठतं आणि बाहेर पडून नाहीसं होतं. खांब दोषांना पारखा होतो, आणि नवा दोष निर्माण करायला फार मोठा ताण लागतो. ज्या पृष्ठभागाने कण लवकर वितळवला, त्याच्याच जवळिकीने इथे खांब कणखर केला.

उष्णतेच्या वहनात तर पृष्ठभागाच्या जवळिकीचा हा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. सिलिकॉनमध्ये उष्णता वाहते ती मुख्यतः अणूंच्या कंपनांतून. या कंपनलहरींच्या पुंजाला फोनॉन म्हणतात. कशावर तरी आदळून दिशा बदलेपर्यंत फोनॉन किती अंतर कापतो, यावर वहन ठरतं. सिलिकॉनमधले कित्येक फोनॉन शेकडो नॅनोमीटर, काही तर मायक्रॉनहून लांब जातात. तार त्याहून बारीक असेल तर ते आधी भिंतीवरच आदळणार. हेन्ड्रिक कासिमिर यांनी १९३८ सालीच अतिथंड स्फटिकांसाठी हा विचार मांडला होता. थंडीत फोनॉन खूप लांब धावतात, म्हणून तिथे डोळ्यांना सहज दिसणाऱ्या नमुन्याच्या भिंतीही आड येतात. नॅनोतारेत तेच सामान्य तापमानाला घडतं.

पण केसाच्या हजारो पट बारीक तारेतून किती उष्णता जाते हे मोजायचं कसं? बर्कलीमध्ये अरुण मजुमदार आणि पैदोंग यांग यांच्या गटाने दोन छोटे फलाट अधांतरी टांगले आणि एकच तार त्यांच्यामध्ये पुलासारखी टाकली. प्रत्येक फलाटावर प्लॅटिनमची वळणदार पट्टी होती. एका पट्टीतून वीज सोडून तो फलाट तापवायचा, आणि दुसरा किती तापला ते त्याच्या पट्टीच्या वाढलेल्या विद्युतरोधावरून ओळखायचं. तापलेल्या फलाटाकडून दुसऱ्याकडे जाणारी मुख्य वाट ती तारच. अखंड सिलिकॉनची उष्णतावाहकता सामान्य तापमानाला सुमारे १४८ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. २००३ साली त्यांच्या २२ नॅनोमीटरच्या तारेत ती त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली आली. २००८ साली बर्कलीमध्येच मुद्दाम खडबडीत केलेल्या सुमारे ५० नॅनोमीटरच्या तारांत ती जवळपास शंभर पटींनी घटलेली दिसली.

विजेचं वहन मात्र तितकं मंदावत नाही, कारण इलेक्ट्रॉन मुळात काही नॅनोमीटरच जाऊन आदळत असतात. भिंत जवळ आल्याने त्यांना फोनॉनांइतका फरक पडत नाही. तापमानातल्या फरकातून वीज मिळवणाऱ्या साधनांना नेमकं असंच द्रव्य हवं असतं: वीज जाऊ देणारं आणि उष्णता अडवणारं. संगणकाच्या चिपमध्ये मात्र हीच गोष्ट डोकेदुखी ठरते. तिथल्या ट्रान्झिस्टरमधली सिलिकॉनची उभी पाती आता दहा नॅनोमीटरच्या आसपास रुंद असते. त्यात निर्माण झालेली उष्णता किती वेगाने बाहेर पडेल याचा हिशेब करताना तक्त्यातला १४८ हा आकडा वापरून चालत नाही. पातीची रुंदी आणि तिच्या भिंती किती गुळगुळीत आहेत, हे आधी विचारावं लागतं.