गतिरोधकांचे दशक

अंधेरीचे पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल मे २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तेव्हा पश्चिमेकडील वसाहतींनी सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नव्हती. कारण ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल बंद झाल्यावर त्याची वाहतूक आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरली होती आणि पूल झाला की ती निघून जाईल, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. मात्र सिग्नल चुकवणारी आडवाट एकदा सापडली की वाहनचालक ती सहसा सोडत नाही, आणि मोबाइलमधील नकाशा तीच वाट नवख्यालाही दाखवतो. त्यातच याच काळात अनेक गल्ल्यांचे काँक्रीटीकरण झाले असल्याने, खड्ड्यांमुळे रखडत जाणारी रिक्षा आता त्याच गल्लीतून सुसाट सुटते. अंधेरीचे दुखणे म्हणजे वाहतूक कोंडी, अशी समजूत इतकी पक्की झाली आहे की निवासी गल्लीतील वेगाबद्दलची तक्रार विभाग कार्यालयात अतिशयोक्ती वाटते.

अंधेरी १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. त्यानंतरच्या तीन-चार दशकांविषयी या संदर्भात सांगण्यासारखे फारसे नाही. दादाभाई नौरोजी नगरासारख्या म्हाडा वसाहती वसल्या, लोखंडवाला संकुल उभे राहिले, वाहने मोजकी होती, आणि गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांपुढे चालकाला आपसूकच ब्रेक दाबावा लागे. युरोपात मात्र याच काळात या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सुरू झाला होता. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांत झाडे, कुंड्या आणि वळणे आणून वाहनांना पादचाऱ्याच्या चालीने जायला भाग पाडले, आणि १९७६ मध्ये अशा रस्त्यांना तेथे कायद्याचे अधिष्ठान मिळाले. चालकाला उपदेश न करता रस्त्याच्या रचनेनेच त्याचा वेग उतरवणाऱ्या या पद्धतीला वाहतूक शमन म्हणतात. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शालेय भौतिकशास्त्र तिच्या मुळाशी आहे.

भारतात या विचाराचे जे रूप पोहोचले, ते म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९८८ मध्ये त्याची मापे दिली: उंची १० सेंटिमीटर, वाहन ज्या दिशेने जाते त्या दिशेतील रुंदी ३.७ मीटर, आणि माथा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीचा, जेणेकरून ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तो जाणवावा, पण त्याची कंबर मोडू नये. अंधेरीच्या गल्ल्यांत ही मापे क्वचितच उतरली. तेथे उतरला तो डांबराचा ढिगारा, उंच आणि आखूड, बहुधा पट्टे न रंगवलेला. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला तो हादरवतो आणि रिकाम्या टॅक्सीला फारसे अडवत नाही. गतिरोधकाची जी बदनामी झाली ती या ढिगाऱ्याची आहे, आणि तिचे खापर मागणी करणाऱ्या रहिवाशांवर फोडणे हा निव्वळ अन्याय होता.

या ढिगाऱ्यांचे खरे दशक म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या बांधणीचा काळ. जून २००६ मध्ये पायाभरणी झाली, २००८ मध्ये काम सुरू झाले आणि ८ जून २०१४ रोजी गाडी धावली. जयप्रकाश रोड हा स्थानकाकडून वर्सोव्याकडे जाणारा पश्चिमेचा कणा. तोच मधोमध पत्र्यांच्या कुंपणाने आवळला गेला, आणि त्याची वाहतूक उत्तरेला वीरा देसाई रोडच्या बाजूला, दक्षिणेला गिल्बर्ट हिल आणि जुहू गल्लीच्या बाजूला, मध्ये सापडेल त्या वसाहतीतून झिरपू लागली. मुख्य रस्त्यावर अर्धा तास अडकलेला चालक गल्लीत शिरला की हरवलेला वेळ तेथेच भरून काढू पाहतो. म्हणजे गल्लीतील वेग हे मुख्य रस्त्यावरील कोंडीचेच अपत्य होते. मेट्रोचा प्रकल्प आखणाऱ्यांनी मार्गिका, स्थानके आणि खांब यांचा विचार केला, वळवलेली वाहतूक ज्यांच्या दारावरून जाणार त्यांचा केला नाही.

त्या काळाचे जे हरवले त्याचे दुःख करावे असे एक होते. घाटकोपरच्या जोशी लेनमधील कचरा वर्गीकरणाच्या प्रयोगातून १९९७ च्या सुमारास महापालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजेच एएलएम, ही व्यवस्था रुजवली होती. तिच्यात एखाद्या गल्लीतील सोसायट्या एकत्र येऊन विभाग कार्यालयाशी थेट बोलत. कचऱ्यासाठी जमलेली ही मंडळी मेट्रोच्या वर्षांत गतिरोधकासाठी अर्ज करू लागली. अभियंता वाहतूक पोलिसांच्या ना हरकतीकडे बोट दाखवी, पोलीस रस्ता महापालिकेचा असल्याची आठवण देत, आणि शेवटी नगरसेवक मध्ये पडून एका रात्रीत डांबर ओतून देई. ही पद्धत सदोष होती, उपकाराची होती, मापांना हरताळ फासणारी होती. तरीही रहिवाशाच्या तक्रारीला रस्त्यावर उमटण्याची वाट होती. सोसायट्यांनाही पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही, कारण वेगाविरुद्ध सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांनीच आपल्या गाड्या पदपथालगत दुहेरी रांगेत लावून पादचाऱ्यांना रस्त्याच्या मध्यावर ढकलले.

२०१४ नंतरची वर्षे थोडक्यात आटोपतात. मेट्रो धावली, पत्रे हटले, खांब राहिले आणि गल्लीत शिरलेल्या वाहतुकीचा बराच भाग तेथेच राहिला. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने वेगमर्यादा नव्याने जाहीर करताना महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० किलोमीटरची मुभा दिली. ती कमी करण्याचा अधिकार राज्याकडे आहे, पण वसाहतीतील गल्लीच्या तोंडाशी वेगमर्यादेचा फलक शोधूनही सापडत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच उरला नाही.

नेमक्या या निर्नायकी काळात, जानेवारी २०२३ मध्ये, सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे भूमिपूजन झाले. या कामात डांबरी ढिगारे गेल्याचा शोक कोणी करणार नाही. खंत आहे ती संधी गेल्याची. रस्ता पूर्ण उखडून नव्याने ओतला जात असताना चौकातील पादचारी मार्ग पदपथाच्या पातळीला उचलणे, गल्लीचे तोंड अरुंद करणे किंवा शाळेपुढे सौम्य कमान ओतणे या गोष्टींना जवळजवळ वेगळा खर्च नव्हता, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१८ च्या सुधारित पुस्तिकेत वाहतूक शमनाचे असे उपाय छापलेलेही होते. तरीही निविदांच्या भाषेत गुणवत्ता म्हणजे काँक्रीटची ताकद आणि पृष्ठभागाचा सपाटपणा. आता त्या सपाट रस्त्यावर प्लॅस्टिकचे तुकडे खिळ्यांनी ठोकले जातात आणि ते एकेक करून उखडतात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक परतले असून त्यांच्याकडे येणाऱ्या अर्जांत हेच तुकडे मागितले जातील, कारण नव्या काँक्रीटला हात लावायला कोणताही अभियंता तयार होणार नाही.