पोराच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? मग कॉर्निया तपासून घ्या

बारा-पंधरा वर्षांच्या पोराचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय, त्यातही सिलिंडरचा नंबर वाढतोय, नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसतात. अशा वेळी पांढरकवड्यातल्या चष्मेवाल्याला दोष देऊ नका. हा केराटोकोनस असू शकतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. तो गोलसर हवा. या आजारात वयात येताना तो पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. आपल्याकडे हे दुर्मिळ नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत 30 वर्षांवरील लोकांची तपासणी झाली होती. तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला. 48 डायॉप्टर किंवा जास्त वक्रता हा निकष धरला, तर 2.3 टक्के लोकांत हा दोष निघाला. म्हणजे शंभरात दोघं तरी!

डोळे चोळणं हे मोठं कारण. धूळ, उन्हाळा, ॲलर्जी. पोरगं मुठीने डोळे रगडत बसतं आणि आपण "झोप आली असेल" म्हणून सोडून देतो. खाज थांबवायचं औषध डॉक्टरांकडून घ्या. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालू नका, त्याने काचबिंदू होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे. चाचा-मामू-खालाच्या मुलांत निकाह झालेल्या आई-वडिलांच्या मुलांमध्ये हा आजार जास्त आढळल्याचं परदेशातल्या काही अभ्यासांत दिसलंय. प्रत्येक घरात होईलच असं नाही. पण एकाला निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा.

निदान कॉर्नियल टोपोग्राफीने होतं. वेदना नाही, काही मिनिटांचं काम. नागपूर दीडशेक किलोमीटर, म्हणून आधी फोन करून मशीन आहे का विचारा. आजार वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंग करतात: बी-2 व्हिटॅमिनचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, कॉर्निया कडक होतो. गेलेली नजर त्याने सहसा परत येत नाही, वाढ मात्र बहुतेकदा थांबते. उशीर झाला आणि कॉर्निया फारच पातळ झाला, तर पुढे नेत्ररोपणाची वेळ येऊ शकते.

क्वचित आतलं भिंगच शंकूसारखं होतं. सोबत लघवीतून रक्त जात असेल, ऐकू कमी येत असेल, तर किडनीचीही तपासणी हवी. अल्पोर्ट नावाच्या आनुवंशिक आजारात असं होतं.

जाताना जुन्या चष्म्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या. नंबर कसा चढत गेला, ते डॉक्टरांना त्यातून कळतं.