अर्भकाची कावीळ आणि साठ दिवसांची मुदत

हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात पुसेगाव हे गाव आहे. मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावात नवजात बालकाचा रंग पिवळसर दिसू लागला, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सहसा घाबरून जात नाहीत. बाळाला कोवळ्या उन्हात धरावे, अंगावर पाजत राहावे, चार दिवसांत रंग निवळेल, असे त्या सांगतात. बहुतेक बालकांच्या बाबतीत हा अनुभव खराही ठरतो. परंतु थोड्या बालकांची कावीळ निवळत नाही. ती वेळेवर ओळखली गेली तर शस्त्रक्रियेने बालकाला जीवदान मिळू शकते. उशीर झाला तर यकृत कायमचे निकामी होते. हा फरक काही आठवड्यांचाच असल्याने त्याची माहिती गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

पित्ताचा मार्ग

यकृत पित्त तयार करते. हे पित्त बारीक नलिकांतून वाहत मुख्य पित्तनलिकेत येते, काही काळ पित्ताशयात साठते आणि शेवटी आतड्यात उतरते. अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविणे हे त्याचे एक कार्य. रक्तातील जुन्या तांबड्या पेशींपासून निर्माण होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य शरीराबाहेर टाकणे हे दुसरे. विष्ठेला पिवळा वा तपकिरी रंग येतो तो या द्रव्यामुळेच.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी साधी कावीळ यकृत अद्याप पुरेसे कार्यक्षम नसल्यामुळे होते. पूर्ण दिवसांच्या बालकात ती साधारणतः दोन आठवड्यांत मावळते. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, किंवा ती हातापायांच्या तळव्यांपर्यंत पोहोचली, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

‘बिलिअरी अट्रेसिया’ या विकारात गोष्ट वेगळी असते. यकृताबाहेरील पित्तनलिका दाहामुळे आकसून दोरीसारख्या घट्ट होतात आणि पित्ताचा मार्ग बंद पडतो. तुंबलेले पित्त यकृताच्या पेशींना इजा करते आणि काही महिन्यांतच यकृत कठीण होत जाते. उपचार न झाल्यास अशी बहुतेक बालके दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. युरोपात सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. पूर्व आशियात त्याचे प्रमाण अधिक आहे. तो मातेच्या आहारामुळे वा कोणाच्या चुकीमुळे होत नाही, हे कुटुंबाला आवर्जून सांगितले पाहिजे.

फसवी प्रकृती

या विकाराचा सर्वांत मोठा धोका असा की, प्रारंभी बालक आजारी वाटतच नाही. ते दूध पिते, हसते, त्याचे वजनही वाढते. म्हणून तीन खुणांकडे लक्ष द्यावे लागते. पहिली, दोन आठवड्यांनंतरही डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा असणे. दुसरी, लघवी गडद पिवळी होऊन लंगोटावर डाग पडणे. निरोगी तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे शी पांढुरकी, खडूसारखी किंवा ओल्या पिठाच्या रंगाची होणे.

बाळंतिणीच्या खोलीत उजेड कमी असतो. अशा खोलीत कातडीचा पिवळेपणा सहज नजरेत भरत नाही. म्हणून बाळाला दिवसाच्या उजेडात आणून डोळे व लंगोट पाहणे योग्य. जपानमध्ये शीच्या रंगांची चित्रे असलेले कार्ड तयार करण्यात आले आणि २०१२ पासून ते तेथील माता-बाल पुस्तिकेत समाविष्ट झाले. तैवानने २००४ पासून असे कार्ड देशभर वापरात आणले, आणि तेथे साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले. आईची नजर हीच येथे पहिली तपासणी ठरते, हा त्यातील बोध.

शस्त्रक्रियेची वाटचाल

एके काळी हा विकार असाध्य मानला जाई. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये एक नवी शस्त्रक्रिया केली व १९५९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत निरुपयोगी झालेल्या पित्तनलिका काढून टाकतात आणि लहान आतड्याचा एक भाग वर नेऊन थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. तेथील सूक्ष्म नलिकांतून पाझरणारे पित्त मग आतड्यात उतरू लागते. ही शस्त्रक्रिया आज जगभर ‘कासाई शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते.

बालकाच्या वयाच्या साठ दिवसांच्या आत ती झाल्यास यशाची शक्यता सर्वाधिक असते. तीन महिन्यांनंतर ती बरीच घटते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ देखरेख आवश्यक असते. ताप येऊन पुन्हा कावीळ दिसली तर पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घेऊन त्वरित रुग्णालयात जावे लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे औषधरूपाने द्यावी लागतात.

यानंतरही अनेक बालकांना पुढे यकृत प्रत्यारोपणाची गरज भासते. त्यासाठी माता, पिता वा जवळच्या नातलगाच्या यकृताचा लहान भाग घेतला जातो. दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. तो वीस महिन्यांचा बालक याच विकाराने ग्रस्त होता आणि दाता त्याचा पिता होता. अवयव प्रत्यारोपणाचे नियमन करणारा १९९४ चा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे.

पित्तनलिकेला फुग्यासारखा फुगवटा येणे हा दुसरा विकार मुलींमध्ये अधिक आढळतो. पोटदुखी, पोटात गाठ व अधूनमधून कावीळ ही त्याची लक्षणे होत. फुगलेला भाग काढून पित्तमार्ग आतड्याशी जोडल्यास सामान्यतः रुग्ण चांगला बरा होतो. दुर्लक्ष केल्यास पुढील वयात कर्करोगाचा धोका संभवतो.

दिवसांचा हिशेब

आता साठ दिवसांचा हिशेब मांडून पाहावा. पहिले दोन आठवडे ‘उतरेल’ म्हणून जातात. त्यानंतर माळ घालणे, झाडपाला देणे, नाकात थेंब टाकणे, क्वचित डागणे यांत तीन-चार आठवडे सरतात. मग तालुका, जिल्हा आणि मोठे शहर असा प्रवास सुरू होतो. शस्त्रक्रियेचा दिवस उजाडेपर्यंत मुदत टळलेली असते. डागण्याने तर अशा बालकाचा जीव अधिकच धोक्यात येतो, कारण के जीवनसत्त्वाच्या अभावी त्याचे रक्त लवकर गोठत नाही.

सुदैवाने ही मुदत पाळण्याची साधने गावातच आहेत. घरच्या घरी नवजात बालकांच्या देखभालीच्या कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट द्यावयाची असते. दीड महिन्याच्या लसीकरणाचा दिवसही बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारासच येतो. चौदाव्या दिवसापासूनच्या प्रत्येक भेटीत ‘बाळाच्या शीचा रंग कोणता?’ हा एक प्रश्न विचारला गेला, तर संशयित बालक वेळेवर सापडू शकेल. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने दोन्ही गावांतील आशांनी परस्परांना कळविणे तितकेच आवश्यक आहे.

संशय येताच बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार मोजणारी रक्ततपासणी करावी आणि उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्यावी. त्यानंतर बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात बालकास पाठवावे. हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. नांदेड व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खर्चाच्या चिंतेने कोणीही थांबू नये. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना उपलब्ध आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका दाखवून उपचाराचा समावेश व पात्रता यांची खात्री करून घ्यावी.

शिक्षकांनी पालकसभेत, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि अंगणवाडी सेविकांनी मातांच्या बैठकीत ही तीन लक्षणे सांगितली, तर त्यास कोणताही निधी लागणार नाही. दोन आठवड्यांपुढील कावीळ आणि पांढुरकी शी म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, एवढे एक सूत्र गावात रुजले, तर साठ दिवसांची ती मुदत कोणत्याही बालकाच्या बाबतीत वाया जाणार नाही.