डमरूची कंबर

मोबाइल सायलेंटवर टाकला की खिशात तो थरथरतो, त्या थरथरीमागे अनेकदा टंगस्टनचा चिमुकला, पण जड तुकडा असतो. आतले सुटे भाग सर्किटवर डकवलेले असतात ते कथलाने. बारीक जोडण्यांना सोने लागते. आणि वीज क्षणभर साठवून हवी तेव्हा सोडणारे जे इवलेसे कपॅसिटर असतात, त्यांतल्या कित्येकांच्या पोटात टँटलम असते. हा धातू वितळायला तब्बल 3,000 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते!

टँटलम निघते कोल्टन नावाच्या काळ्या, वजनदार खनिजातून आणि कोल्टन बरेचसे येते पूर्व काँगोतून. तिथे माणसे कुदळ-फावड्याने डोंगर पोखरतात, माती पाण्यात धुऊन खनिज वेगळे करतात आणि गोणी पाठीवर टाकून उतार उतरतात. ज्या टोळीच्या हाती बंदूक, तिचा त्या गोणीवर कर. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून भारतीय जवानही या भागात वर्षानुवर्षे तैनात राहिले आहेत, ते उगाच नव्हे.

आता मोबाइल कंपनीच्या जागी बसून पाहा. तिला सुटे भाग पुरवणारा माहीत असतो. त्याला माल देणारा कदाचित माहीत असतो. त्यामागे कपॅसिटरवाला, पावडरवाला, धातू गाळणारा स्मेल्टर, निर्यातदार, दलाल आणि सर्वांत शेवटी तो खणणारा. 2010 साली अमेरिकेने बँकांना वेसण घालणारा डॉड-फ्रँक कायदा केला आणि त्यातच 1502 क्रमांकाचे एक कलम घातले: शेअर बाजारातल्या कंपन्यांनी टंगस्टन, कथील, सोने आणि टँटलम या चार धातूंचा माग काढावा आणि जे सापडेल ते जाहीर करावे. बंदी कशावरच नाही, फक्त सांगायचे. पण सांगायला आधी कळायला हवे ना!

तोडगा निघाला तो मला आजही थक्क करतो. ही साखळी डमरूसारखी आहे. एका टोकाला लाखो खणणारे, दुसऱ्या टोकाला कोट्यवधी फोन आणि मधे चिंचोळी कंबर: स्मेल्टर. टँटलमचे असे कारखाने साऱ्या जगात मिळून काही डझनच. मग लाखो खणणाऱ्यांच्या मागे कशाला धावायचे? कंबर धरा. कंपन्यांनी एकत्र येऊन या कारखान्यांची तपासणी सुरू केली. तपासनीस खरेदीच्या वह्या उघडतो, माल कुठून आला त्याचे कागद बघतो, किती खनिज आत आले आणि किती धातू बाहेर पडला याचा ताळा जमवतो. नापास झालेल्याचे नाव यादीतून जाते आणि गिऱ्हाइकांची गिऱ्हाइके त्याचा माल नको म्हणू लागतात. जानेवारी 2014 मध्ये इंटेलने आपले मायक्रोप्रोसेसर ‘संघर्षमुक्त’ असल्याचे जाहीर केले, ते याच वाटेने.

स्मेल्टरच्या आधीच्या टप्प्यांचे काय? खाणीजवळ सरकारी माणूस गोणीचे वजन करतो, तिला क्रमांकाचा प्लास्टिक टॅग लावतो आणि वहीत नोंद करतो. दलालाकडे दुसरा टॅग लागतो. कल्पना छान; पण टॅगचाही काळाबाजार झाला. शिवाय सुरुवातीला कित्येक खरेदीदारांनी झंझटच नको म्हणून काँगोकडे पाठच फिरवली. खणणाऱ्यांची रोजीरोटी गेली आणि त्यांनी या कलमाला ‘ओबामांचा कायदा’ म्हणून बोल लावला. सचोटीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गरिबाकडून खरेदीच बंद करणे. तो मार्ग कसला, ती पळवाट.

टॅग खोटा लावता येतो, दगडाला मात्र खोटे बोलता येत नाही. जर्मनीच्या भूविज्ञान संस्थेने कोल्टनचे ‘ठसे’ घेण्याची पद्धत बसवली. गोणीतले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, लेझरने त्यांतले सूक्ष्म घटक मोजायचे आणि युरेनियमचे किती शिसे झाले यावरून कणाचे वय काढायचे. मध्य आफ्रिकेच्या या पट्ट्यातले कोल्टन सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीचे, मोझांबिकचे साधारण 50 कोटी. म्हणजे गोणीवर काहीही लिहा, आतला कण आपले जन्मगाव सांगतो!

तरी एक मेख उरतेच. काँगो आणि शेजारचा रवांडा एकाच भूस्तरीय पट्ट्यावर बसलेले, त्यामुळे लगतच्या खाणींचे ठसे एकमेकांशी मिळतेजुळते आणि माल मिसळला की निवाडा आणखी अवघड. एप्रिल 2024 मध्ये काँगोतल्या एम-23 या बंडखोर गटाने पूर्व काँगोतले रुबाया हे कोल्टन खाणींचे गाव ताब्यात घेतले. जगातले सुमारे 15 टक्के टँटलम त्या एका भागातून येते. तिथला माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले. रवांडाने आरोप फेटाळले. टॅगची योजना तर स्मेल्टर तपासणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने 2022 सालीच आपल्या मान्यताप्राप्त योजनांच्या यादीतून काढली होती. माझ्या मते कंबर पकडणे ही युक्ती बिनतोड आहे, पण पहिल्या गोणीवर नजर ठेवायला खाणीवर कुणी नसेल तर स्मेल्टरच्या वहीला अर्थ नाही.

कलम 1502 खाली कंपन्या जे अहवाल देतात, ते गुप्त नसतात. अमेरिकन बाजारात नोंद असलेल्या आणि हे धातू वापरणाऱ्या कंपन्या ते दरवर्षी मे अखेरपर्यंत दाखल करतात आणि अनेक अहवालांत स्मेल्टरची नावे देशासकट छापलेली असतात. तुमच्या फोनच्या कंपनीचा अहवाल उघडा आणि टँटलमची यादी वाचा.